भागूआजीचं सुतक

माझ्या आवाजाबद्दल मी कधी विनय दाखवला नाही आणि आता पन्नाशी उलटल्यावर तर मुळीच दाखवणार नाही. पुढं मी रेडिओवर नाटकांत कामं केली, बक्षीस समारंभांची निवेदनं केली, शाळेच्या गॅदरिंगला माइक बंद पडला तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. पण माझा आवाज तयार झाला तो कुठल्या वर्गात नाही. तो झाला मखमलाबादच्या पुढं, पाटाच्या कडेला, आमच्या मळ्यातल्या घराच्या पडवीत. तिथं दुपारी फुलांचा ढीग पडायचा, भोवती बायका बसायच्या आणि मध्ये आमचा रेडिओ असायचा. चामड्याच्या कव्हरचं एक बटण तुटलेलं होतं, त्या जागी आईनं सेफ्टी पिन लावलेली. झेंडूचा उग्र वास, गजरे बांधायला भिजवलेल्या केळीच्या सोपटाचा ओलसर वास आणि चुलीवर आत्याबाईचा गवती चहा. आजही कोणी गवती चहा उकळला की मला कुठल्यातरी नाटकाची घोषणा होणार असं वाटतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची, आण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परतली आणि आण्णांना तिनंच वाढवलं. त्यामुळं घरात आण्णा मालक असले तरी शेवटचा शब्द तिचा. गुडघे गेलेले, पण बोटं अशी की गजऱ्याच्या गाठी बघत राहाव्यात. ती कोपऱ्यातल्या पाटावर बसायची आणि उठताना सुई पाटाशेजारच्या उशीला टोचून ठेवायची. त्या पाटावर दुसरं कोणी बसायचं नाही. मांजर बसलं तर तेवढं चालायचं.

नाटकाचा शोध मला अगदी अपघातानं लागला. शाळेतून आले होते, गाणी कुठं लागतात ते बघायला बटण फिरवत होते, तर खरखरीतून दार करकरल्याचा आवाज आला आणि एक पुरुष म्हणाला, "कोण आहे तिथं?" माझा हात तिथंच थांबला. कोणी दिसत नाही, काही दिसत नाही, आणि तरी आमच्या पडवीत एक अंधारी खोली उभी राहिली! बायकांच्या सुया थांबल्या. हिराकाकू, म्हणजे शेजारच्या मळ्यातली आमची कायमची ओवणारीण, हळूच म्हणाली, "शके, आवाज वाढव गं बाय." त्या दिवसापासून मी कामातून गेले. कुठल्या वारी कुठलं नाटक, कुठली मालिका, सगळं तोंडपाठ. सेल उतरले की ते मी पत्र्यावर उन्हात ठेवायचे. तापले की आणखी एक नाटक निघायचं. न निघालं तर त्या नाटकाचा शेवट हुकायचा आणि मी आठवडाभर सगळ्यांवर खेकसत फिरायचे.

मग पाटाच्या पलीकडं बंगला झाला आणि त्यात टीव्ही आला. बंगल्यातल्या वहिनी चांगल्या होत्या. मी संध्याकाळी एक गजरा घेऊन जायचे आणि दाराजवळच्या सतरंजीवर बसायचे. रेडिओनं मला कान दिले होते, टीव्हीनं डोळे फाडले. त्यातली एक साप्ताहिक मालिका तर माझ्या अंगातच शिरली. नाव सांगत नाही, कारण हल्ली नाव घेतलं की लोक लगेच मोबाइलवर शोधतात आणि म्हणतात, अहो, काय हे, किती संथ! संथ होती तर होती. एस.टी. स्टँडसमोर खाणावळ चालवणारी भागूआजी, तिचा जहाजावर गेलेला मुलगा, आणि रोज दुपारी त्याच्या नावानं झाकून ठेवलेली एक भाकरी. मुलगा आला नाही की संध्याकाळी ती भाकरी एखाद्या उपाशी उतारूला मिळायची. बस, एवढीच गोष्ट. पण ती बाई भाकरीवर ताट पालथं घालायची ना, तेव्हा मी सतरंजीवरून नकळत पुढं सरकायचे.

आमच्या घरच्या बायका टीव्ही बघायला जात नसत. आईला वेळ नव्हता, हिराकाकूला नवऱ्याचा धाक होता, आणि आत्याबाई म्हणायची, "मी कुणाच्या दारात नाय बसायची." त्यामुळं दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी मालिका मी सांगायची. नुसती सांगायची नाही, करायची. भागूआजीचा खोकला, कंडक्टरची डबल घंटी, खाणावळीतल्या ताटांचा खडखडाट. सुपात ज्वारी घोळवली की समुद्र. आईनं फार लवकर ओळखलं की गोष्ट चालू असली की ओवणं झपाझप होतं. मग ती ढिगाकडं बघून मला डोळ्यांनी खुणवायची: अजून पुष्कळ फुलं आहेत, लांबव. मी लांबवायचे, पण कसं? थांबून, खोकून, समुद्र जास्त वेळ घोळवून. पदरचं एक अक्षर मी कधी घातलं नाही. हा माझा बाणा होता. हिराकाकूनं एकदा म्हटलं, "त्या कंडक्टरचं आणि मास्तरणीचं जुळव की." मी तिला असं काही झापलं, की ती त्या दिवशी चहा न घेता गेली. ज्यांनी मालिका केली त्यांना काय वेड लागलं होतं? आपण कोण बदलणार?

आण्णांना हे सगळं थिल्लर वाटायचं. "फुलं ओवा, रडू ओवू नका," एवढं बोलून ते शेवंतीच्या वाफ्यात निघून जायचे.

त्या वर्षीची घटस्थापना जवळ आली होती. शहरातल्या एका देवीच्या देवळात नवरात्राचा पहिला हार आजोबांच्या काळापासून आमच्या घरून जायचा. रोजचे हार बाजारातून जात, पण तो एक हार आमचा. आई त्या दिवशी उपास धरून ओवायची. आत्याबाई शेवटची गाठ मारायची. आण्णा स्वतः डोक्यावरून पाटी न्यायचे, त्या दिवशी धोतर नेसायचे आणि देवळाच्या पायरीशी त्यांची मान जरा ताठ व्हायची. वर्षभर वाकून काम करणाऱ्या माणसाचा तो एक दिवस होता.

आणि नेमकी घटस्थापनेला तीन दिवस असताना, संध्याकाळी, भागूआजी मेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सांगायला बसले तेव्हा मलाच धड बोलवेना. मी खोकले, थांबले. भागूआजी खाटेवर आहे. तापानं फणफणलीय. भाकरी झाकून ठेवलीय. दाराकडं बघतेय. बाहेर एस.टी. येते, घंटी वाजते. उतारू उतरतात. तो नाही. दुसरी एस.टी. येते. तो नाही. "आन् मग गं?" हिराकाकूनं विचारलं, आणि मी सूप घेतलं आणि ज्वारी हळूहळू घोळवत नेली, आणि थांबवली. समुद्र थांबला. सगळ्यांना कळलं. हिराकाकूनं तोंडात पदर कोंबला, तिच्या दोन्ही सुना रडायला लागल्या, आईच्या डोळ्यांतून पाणी झेंडूवर पडायला लागलं. आत्याबाई मात्र ताडकन उठली, म्हणजे तिच्या गुडघ्यांना जेवढं ताडकन जमेल तेवढं. सुई उशीला टोचली आणि म्हणाली, "मेल्यांनो, म्हातारीला मारायचं काही काम होतं का?" आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

एवढ्यात रंगनाथ आला. रंगनाथ म्हणजे फुलबाजारातल्या शेठचा माणूस, रोज सायकलवरून माल न्यायला यायचा. भला माणूस, दोन लेकरांचा बाप, बोलायला मात्र घाबरट. त्यानं पडवीत पाऊल टाकलं तर सगळ्या बायका हुंदके देतायत आणि कोपऱ्यातला पाट रिकामा, शेजारी उशीला सुई टोचलेली. तो कुजबुजला, "काय झालं?"

हिराकाकू म्हणाली, "गेली रे म्हातारी. दाराकडं बघत बघत गेली."

"कवा?"

"काल सांजच्याला."

तो मागच्या पावली फिरला. सुतकाच्या घरची फुलं देवाला चालत नाहीत, हे आमच्याकडं कोणाला शिकवावं लागत नाही. आणि अशा वेळी कोणी उभं राहून चौकशाही करत नाही. करंडीला हात न लावता, आईकडं बघून लांबूनच हात जोडून तो गेला. आम्ही आपल्या भागूआजीत बुडालेल्या. माल तसाच पडून राहिलाय हे आईच्या लक्षात आलं तोवर सायकल पाटाच्या पुलापलीकडं गेली होती. आईला वाटलं, शेठचा काही निरोप असेल, येईल परत.

सकाळी घोटीहून आण्णांचे मामेभाऊ आले. बाजारातून भाजीच्या गाडीबरोबर निरोप पोचला होता. बरोबर दोन बायका होत्या, आणि फाटकातूनच त्यांनी गळा काढला, "आत्याबाई, अशा कशा गेल्या हो!" आत्याबाई अंगणात मिश्री लावत बसली होती. रडणारी माणसं बघितल्यावर रडायचं, कोण गेलं ते मागाहून विचारायचं, ही तिच्या वेळची रीत. तिनंही तोंडातली मिश्री थुंकून मोठ्यानं गळा काढला! त्या दोघी तिच्या गळ्यात पडल्या आणि तिघी मिळून रडल्या. मग मामेभावांचं लक्ष गेलं आणि ते मटकन ओट्यावर बसले. आत्याबाई डोळे पुसत म्हणाली, "आरं पर गेलं कोण?"

मी आत जाऊन पोट धरधरून हसले. तेवढंच हसू त्या दिवसाच्या वाट्याला होतं. कारण पाठोपाठ आमचा टेम्पोवाला निरोप घेऊन आला की देवळातल्या गुरवांनी पहिला हार दुसऱ्या मळ्यात सांगितलाय. सुतकाच्या घरचा हार कसा घ्यायचा?

आण्णा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुंटीवरचं धोतर काढलं, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. मग रेडिओ उचलला आणि तोही ट्रंकेत ठेवला. "आता ह्या घरात नाटक नाही, मालिका नाही. शके, उद्यापासून बंगल्यावर जायचं बंद," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांचा राग आला नाही, मला रडूच आलं. पण रडत बसणं हा माझा स्वभाव नव्हे. मी म्हटलं, "आण्णा, मला देवळात न्या. माझ्या गोष्टीनं हार गेला, मीच परत आणते."

"आणि काय करशील तिथं?"

"कोण गेलं ते सांगीन."

आण्णा नाहीच म्हणाले असते. पण आत्याबाईची नऊवारी बदलून झालीसुद्धा होती. "मला मेली म्हणतात काय? चल, दाखवते त्यांना," म्हणत ती टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसली. आण्णा आणि मी मागं, रिकाम्या पाट्यांत.

देवळाच्या आवारात उद्याची तयारी चालू होती. फुलवाल्यांची गर्दी होती, रंगनाथही होता. आत्याबाईला टेम्पोतून उतरताना बघून त्यानं घाबरून हात जोडले. "जितीजागती हाय रे मुडद्या," आत्याबाई म्हणाली. सगळे हसले. पण गुरव हसले नाहीत. ते वयस्क, शांत आणि पक्के नियमाचे होते. म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही आहात ते दिसतंय, आनंद आहे. पण रंगनाथ खोटं बोलणारा नाही. घरात रडारड झाली, घोटीची माणसंही आली. कोणीतरी गेलंय. आण्णा, लपवू नका. देवीचं काम आहे."

"तसं नाही, ते टीव्हीवर..." आण्णा अडखळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी खोटारडं ठरवत होतं आणि त्यांना एक वाक्य धड जुळवता येईना. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरळ पायरीवर चढले.

"गेली ती भागूआजी. एस.टी. स्टँडसमोर तिची खाणावळ," मी म्हटलं. आणि सुरू केलं.

सूप नव्हतं. मी एका फुलवाल्याच्या पाटीतल्या कोरड्या पाकळ्या ओंजळीत घेऊन घोळवल्या. समुद्र झाला नाही, पण वारा झाला. खोकला माझ्याजवळच होता. पहिल्यांदा लोक उभे होते, मग काहीजण खाली बसले, मग पलीकडचा नारळवाला नारळ सोलायचा थांबला. भाकरीवर ताट पालथं घातलं तेव्हा एक म्हातारी "आगं माय" म्हणाली. मी सगळ्यांकडं बघत होते आणि मला कळत होतं की ही माणसं आता माझ्या हातात आहेत, मी थांबले तर थांबतील, मी श्वास घेतला तर घेतील. एवढा आनंद मला नंतर कुठल्याही स्टुडिओत झाला नाही, खोटं कशाला सांगू. शेवटची एस.टी. आली. घंटी वाजली. तो नाही. मी पाकळ्या खाली सोडल्या.

रंगनाथ ओक्साबोक्शी रडत होता. म्हणत होता, "काल असंच झालं. अगदी असंच झालं." गुरवांनी उपरण्यानं डोळे टिपले. मग नियमाचा माणूस परत जागा झाला. "पण मग ह्या बाईचं सुतक धरायचं कोणी?" त्यांनी विचारलं.

"ज्यांनी मारलं त्यांनी," आत्याबाई म्हणाली. "आमची पोर नुसती सांगणारी."

गुरव हसले, आणि आण्णांना म्हणाले, "हार वेळेवर येऊ द्या."

परत येताना पाट आला तेव्हा आण्णांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "त्या पोराला यायला उशीर का झाला?" मी म्हटलं, "ते पुढच्या आठवड्यात कळेल." घरी गेल्यावर त्यांनी ट्रंक उघडली, धोतर काढलं, आणि रेडिओ काढून पडवीत जागेवर ठेवला. पुढच्या दिवाळीला आमच्याकडं टीव्ही आला, आणि त्याच्यासमोर सगळ्यांत पुढं कोण बसायचं ते तुम्ही ओळखलंच असेल. "शेंगदाणे कुठायत?" हे त्यांचं मालिका सुरू व्हायच्या आधीचं वाक्य.

आत्याबाईनं मात्र मला सोडलं नाही. देवळातून परतलो त्या रात्री भाकरी आणि ठेचा वाढताना म्हणाली, "शके, म्हातारीला कशाला मारलंस?"

"मी नाय मारली. मालिकेतच मेली."

"तुझ्या तोंडून मेली ना? जरा थांबवायची व्हतीस. त्याची एस.टी. येतच असंल."

"असं बदलता येत नाही, आत्याबाई."

"का नाय?" ती म्हणाली. मी तिला माझा बाणा समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी ठेचा वाढला.

पुष्कळ वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी नाशिकरोडला राहायला गेले, घरोघरी केबल आली आणि हातोहाती मोबाइल आले. आत्याबाई थकली, पण बोटं शेवटपर्यंत चालली. एका हिवाळ्यात दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी आदल्या दिवशीच आले होते. माल न्यायला रंगनाथ येईल म्हणून त्याला फोन मीच केला. "रंगनाथभाऊ, आत्याबाई गेली."

तो पलीकडून हसला. "कोणत्या मालिकेत, शकूताई? आता नाय फसणार बरं का."

ज्या आवाजानं भरलेलं आवार रडवलं होतं, त्या आवाजावर त्या सकाळी एका माणसाचा विश्वास बसेना. मी परत सांगितलं, माझा आवाज फाटला, तरी तो हसतच होता. शेवटी मी फोन ठेवला. तो नेहमीप्रमाणे मोटरसायकलवरून करंडी घेऊन आला, पडवीत पाऊल टाकलं आणि कोपऱ्यातला पाट बघितला. ह्या वेळी त्यानं काही विचारलं नाही. करंडी फाटकाबाहेर ठेवली आणि आण्णांच्या शेजारी जाऊन बसला.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी फुलांचा ढीग पडला, कारण फुलं काही थांबत नाहीत. आई बसली, हिराकाकू बसली, सुना बसल्या. टीव्हीवर अजून चादर होती. कोपऱ्यातला पाट तसाच होता, सुईसुद्धा उशीला तशीच. कोणाचे हात चालेनात. आण्णा दारात उभे होते. म्हणाले, "शके, सांग काहीतरी."

मला दुसरं काही सुचलंच नाही. मी सूप घेतलं, मूठभर ज्वारी घातली आणि भागूआजीची गोष्ट सुरू केली. खाट. ताप. झाकलेली भाकरी. पहिली एस.टी. आली, तो नाही. दुसरी आली, तो नाही. हिराकाकूनं आधीच पदर तोंडाशी नेला. माल न्यायला आलेला रंगनाथ उंबऱ्यातच थबकला. मी ज्वारी घोळवत राहिले. थांबवली नाही. मग मी तोंडानं आणखी एका गाडीची डबल घंटी वाजवली.

"आणि त्या एस.टी.तून तो उतरला," मी म्हटलं.

"अगं शकूताई, पण ती तर..." रंगनाथ म्हणाला.

"गप रे," आण्णा म्हणाले. "तिला सांगू दे."

रंगनाथनं करंडी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. बायकांच्या सुया हळूहळू चालायला लागल्या. भागूआजी खाटेवर उठून बसली, पोराला नुसतं "आलास?" एवढंच म्हणाली, आणि भाकरीवरचं ताट उचललं.